शनिवारी आलेले फोन

कोपरगावात आमच्या घराला लोक 'शनिवारवाल्यांचं घर' म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही. ज्यू म्हणजे कोण हे समजावून सांगण्यातच माझं निम्मं आयुष्य गेलं आहे. आडनावाच्या शेवटी 'कर', बोलणं मराठी, कपाळावर कुंकू नाही आणि गळ्यात क्रूसही नाही, मग तुम्ही नेमके कोण, हा प्रश्न दर नव्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर मला दिसतो. वडील साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले म्हणून आम्ही कोकणातून इथे आलो, आणि ते गेल्यावर मी आणि आई इथेच राहिलो. मी घराच्या पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवते. शनिवारी मशिन बंद असतं. ऐन लग्नसराईत शनिवारी आलेल्या बायका दारातून परत जातात, आणि जाताना काय पुटपुटतात तेही मला नीट ऐकू येतं.

पूर्वी आम्ही इतके कडक नव्हतो, हे आधी सांगते. शुक्रवारी संध्याकाळी आई दिवा लावायची, काळ्या मनुकांचं सरबत करून वडील त्यावर आशीर्वाद म्हणायचे, चपातीचा तुकडा मिठाला लावून आम्हाला द्यायचे, की झाला आमचा शब्बाथ, शनिवारचा विसाव्याचा दिवस, सुरू. गाळप हंगामात वडील शनिवारीही कामावर जात. सगळ्या तालुक्यात आमचं एकच घर, सिनेगॉग म्हणजे आमचं प्रार्थनाघर पुण्याला. इथे आम्हाला विचारणारं कोण होतं? धाकटा भाऊ तर शनिवारचा सबंध दिवस गोदावरीच्या काठावर क्रिकेट खेळायचा आणि संध्याकाळी तंगड्या लाल करून घरी यायचा.

तोच भाऊ पुढे इस्राएलला गेला आणि तिकडे जाऊन धार्मिक झाला. समुद्रकाठच्या एका गावात तो एका म्हाताऱ्या माणसाला सांभाळायचं काम करतो. त्यांना अंघोळ घालायची, भरवायचं, तिसऱ्या मजल्यावरून खाली फिरायला न्यायचं. गेल्यावर वर्षभरात तो आईला म्हणाला, "आई, शुक्रवारी दिवा लागला की मी फोन बंद करतो. तूही कर. म्हणजे तू तिकडे आणि मी इकडे, आपण एकच गोष्ट करत असू."

आईनं ते मनावर घेतलं. नुसतं घेतलं नाही, त्याचा नियम करून टाकला. शुक्रवारी दिवेलागणीला तिचा फोन आणि माझाही फोन बंद होऊन लोखंडी कपाटात जायचा, आणि कपाटाची किल्ली तिच्या कमरेला. शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत ती किल्ली निघायची नाही. मला हे अजिबात पटत नव्हतं. माझं गिऱ्हाईक फोनवर असतं. मी कुरकुर केली, भांडले, एकदा दोन दिवस अबोला धरला. आई फक्त एवढंच म्हणाली, "तो एकटा पाळतो तिथं." त्याच्यापुढे माझं काय चालणार?

तिकडचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. म्हणजे आमचे तारे उगवले तरी त्याचा शब्बाथ संपायला दोन तासांहून जास्त वेळ लागायचा. तेवढा वेळ आई फोन मांडीवर ठेवून बसायची. मग त्याचा फोन यायचा. एकदा शुक्रवारी रात्री म्हाताऱ्यांना धरताना जिन्यात पडून त्याचं मनगट मोडलं. दवाखान्यात प्लास्टर घालून घरी आला, पण आम्हाला कळलं ते शनिवारी, तिकडे तारे दिसल्यावर. मला त्याचा संताप आला होता. आईला मात्र अभिमान वाटला. शेजारच्या वहिनींना तिनं ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली, की शेवटी वहिनीच पुढचं वाक्य बोलू लागल्या.

मधल्या काळात तिकडे लढाई पेटली. कधी थांबली म्हणून सांगायचे, कधी पुन्हा सुरू व्हायची. भाऊ हसून सांगायचा, "आपल्या कारखान्यासारखा इथंही भोंगा आहे. फक्त तो झाला की कामावर जायचं नाही, जिन्याखाली पळायचं." आई त्यावर हसायची नाही. आमच्या कारखान्याचा पाळीचा भोंगा झाला की तिचा हात दाराच्या चौकटीकडे जाऊ लागला. तिथे आमचा मेझुझा आहे, प्रार्थनेचा कागद आत घालून ठोकलेली लहानशी डबी. आम्ही येताजाता तिला बोटं लावून ओठांना लावतो. आई आता बसल्या जागेवरून उठून ते करायची. त्या दिवसांत मला आमच्या घरात राहणं जड वाटायचं. नीट चाललेल्या गोष्टीसुद्धा उसन्या आणल्यासारख्या वाटायच्या.

ही त्या हिवाळ्यातल्या एका शनिवारची गोष्ट. सकाळपासून उसाचं पाचट पेटवल्याचा धूर गावावर उतरला होता आणि मळीचा आंबूस वास दारं लावली तरी आत येत होता. आई प्रार्थनेचं पुस्तक घेऊन खिडकीपाशी बसली होती. दहा-साडेदहाला एक गिऱ्हाईक आलं. तिच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि तिचे ब्लाऊज माझ्याकडे अर्धवट पडून होते. आता ही अर्धा तास भांडणार म्हणून मी पदर खोचूनच दारात गेले. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई. घाई न्हाई. सावकाश द्या." आणि माझ्या खांद्यावरून आत आईकडे बघून ती गेली.

मुलीची हळद दोन दिवसांवर असलेली बाई घाई नाही म्हणते, तेव्हा काहीतरी घडलेलं असतं. 

थोड्या वेळानं शेजारच्या वहिनी आल्या. एरवी त्या हाक मारत थेट स्वयंपाकघरात शिरतात. त्या दिवशी उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या.

"मावशी, तुमी आज टीव्ही लावत न्हाई, न्हवं?"

"नाही बाई. आज शनिवार," आई म्हणाली.

"व्हय, तेच म्हनलं मी." त्यांनी उगाच पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "जेवन झालं का?"

"अजून अवकाश आहे. का गं?"

"न्हाई, असंच इचारलं." आणि त्या गेल्या.

आईनं पुस्तकात मान घातली. पण तिनं बराच वेळ पान उलटलं नाही, हे मी पाहिलं. मी मागच्या दारानं वहिनींना गाठायला निघाले, तेवढ्यात त्या स्वतःच नवऱ्याला घेऊन परत आल्या. वहिनींचे यजमान ट्रॅक्टरवर ऊस वाहतात, बोलायला तोडून टाकणारे. पण त्या दिवशी त्यांनीही चपला काढायला फार वेळ लावला.

"मावशी, मोबाईलवर दाखवत्यात," ते म्हणाले. "तिकडं लई बॉम्ब पडल्यात सकाळपासनं. समुद्राच्या बाजूला बिल्डिंगा पडल्या म्हनत्यात. दादा तिकडंच हाय ना?"

आईनं पुस्तक मिटून त्याला ओठ लावले आणि ते बाजूला ठेवलं. मी म्हटलं, "आई, किल्ली दे."

"दिवस मावळू दे."

"आई, जिवावर बेतलं तर शब्बाथ मोडता येतो. तुलाच माहीत आहे ते. बाबाच सांगायचे."

"येतो ना," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, आणि त्याचीच मला भीती वाटली. "पण फोन उघडून कुणाचा जीव वाचणार आहे? त्याचा फोन बंद आहे. तो उचलायचा नाही. तिकडच्या आपल्या ओळखीच्या लोकांचेही बंद. आज कुणी फोन करेल तर तो कशासाठी करेल, सांग मला. आजच्या दिवशी फोन करून सांगण्यासारखं एकच असतं."

 वहिनींचे यजमान म्हणाले, "माज्या मोबाईलवरनं लावून बघू का?" आईनं मान हलवली. ती म्हणाली, "तुम्ही बसा. चहा मात्र आज मिळायचा नाही, पेटवत नाही आम्ही." ते दोघे बसले. बाहेर ऊस भरलेल्या ट्रॉल्या एकामागून एक जात राहिल्या.

त्या दुपारी मी आईचा जितका राग केला, तितका आयुष्यात केला नसेल. कपाट माझ्यासमोर होतं. आत दोन फोन मुके पडले होते आणि त्यांच्यात काय येऊन बसलं असेल याचा मी विचार करत होते. आणि खरं सांगायचं तर आईचं म्हणणं मला कळतही होतं. कपाट बंद होतं तोवर भाऊ जिवंत होता. ती त्याला आत कुलूप लावून सांभाळत होती. आम्ही कालचं थंड जेवण जेवलो. आईनं सगळं ताट संपवलं, कारण शब्बाथला उपाशी राहायचं नसतं, शोक करायचा नसतो. ती चावत होती आणि तिच्या डोळ्यांत काहीच नव्हतं.

संध्याकाळ झाली तरी धुरामुळे तारे दिसेनात. मी अंगणात मान वर करून उभी. एक दिसला, मग दुसरा, आणि तिसऱ्याच्या जागी नुसता करडा पडदा. मी आत येऊन "तीन झाले" म्हणाले. आई स्वतः बाहेर आली, तिसरा तारा दिसेपर्यंत थांबली आणि मगच आत गेली. तरी किल्ली नाही. शब्बाथला निरोप द्यायची प्रार्थना तिनं सबंध म्हटली, एक ओळ गाळली नाही. रीतीप्रमाणे वेलची-लवंगांचा वास स्वतः घेतला, मला दिला. मग कमरेची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. 

मी आईचा फोन चालू केला. तो थरथरू लागला आणि थांबेचना. पुण्याचे, ठाण्याचे नातेवाईक, जुनी गिऱ्हाइकं, सगळ्यांचे निरोप. आणि त्यांच्यामध्ये, सकाळपासूनचे, एकाखाली एक, भावाच्या नंबरवरून आलेले फोन. इतके जवळजवळ, की कुणीतरी बोट बटणावरून उचललंच नसावं. दुपारच्या सुमाराला शेवटचा. त्याच्यानंतर काही नाही.

माझा जीव भांड्यात पडला. मी ओरडलेच, "आई, त्यानं फोन केलाय! अगं, त्याचेच फोन आहेत!" वहिनी दिवसभरात तिसऱ्यांदा येऊन बसल्या होत्या, त्यांनीही "देवा" म्हणून हात जोडले.

आईनं फोन माझ्याकडून घेतला, डोळ्यांजवळ धरून पाहिला. आणि तिच्या तोंडावरचा रंग माझ्या देखत उतरला.

"हे त्याचे नाहीत," ती म्हणाली.

"नाव आहे ना त्याचं!"

"फोन त्याचा आहे. केलेत दुसऱ्या कुणी." ती हळू हळू, मला समजावल्यासारखं बोलत होती. "मनगट मोडलं तेव्हा त्यानं केला? तो शब्बाथला फोनला हात लावणार नाही. त्याच्या खिशातून कुणीतरी काढलाय. दवाखान्यातले असतील, नाहीतर पोलीस. आई म्हणून लिहिलेलं पाहिलं असेल आणि लावत बसले असतील. मग दमले."

"असं कशावरून?"

"मी माझ्या मुलाला ओळखते."

मी त्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. दर वेळी आई माझ्याकडे न बघता मान हलवत होती. जगातल्या कुठल्याही आईला मुलाच्या नंबरवरून इतके फोन आलेले दिसले असते तर ती देवाचे आभार मानत सुटली असती. माझ्या आईला त्यातच त्याचं मरण दिसलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिचं मला पटू लागलं.

ती उठून पुढच्या खोलीत गेली. माझ्या टेबलावरची कापड कापायची कात्री तिनं घेतली. ती काय करते आहे हे मला कळलं, पण मी तिला अडवलं नाही. आमच्यात माणूस गेलं की जवळच्यांनी अंगातलं कापड गळ्यापाशी फाडायचं असतं. आई-बापासाठी डाव्या बाजूला, बाकीच्यांसाठी उजव्या. वडील गेले तेव्हा माझा गळा डावीकडे फाटला होता आणि आईचा उजवीकडे. आईनं पदर बाजूला केला, माझ्या हातच्या ब्लाऊजच्या गळ्याला उजवीकडे कात्री लावली, मग कात्री ठेवून दोन्ही हातांनी ओढलं. दुहेरी अस्तराचा गळा होता, सहज फाटणारा नव्हे. तो फाटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. ती जमिनीवर बसली. वहिनी रडू लागल्या. आई रडली नाही.

त्यानंतर किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. वहिनी आईच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. पुण्याला कळवायला हवं, असं काहीतरी माझ्या डोक्यात येत होतं आणि हात फोनकडे जात नव्हता. तेवढ्यात फोन वाजला. भावाचं नाव.

आई म्हणाली, "तू घे. ते काय म्हणतील ते ऐक. मला सांगू नकोस."

मी कानाला लावला. पलीकडून कोण्या परक्याची भाषा येणार, असंच मला वाटलं.

"ताई, आई कुठाय? बरी आहे ना? सकाळपासून लावतोय मी. का उचलत नाही कुणी?"

 मी फोन आईच्या कानाशी धरला आणि तिच्या शेजारी खाली बसले. त्याचा आवाज बाहेर येत होता. तो सांगत होता, की पहाटेपासून भोंगे चालू होते, म्हाताऱ्या आजोबांना उचलून तीन मजले उतरणं त्याला जमलं नाही, तो त्यांना धरून जिन्यातच बसून राहिला. शेजारची इमारत पडली. "जीव जाईल असं वाटलं आई. अशा वेळी फोन चालतो, रब्बींनी सांगितलंय. मला फक्त तुझा आवाज हवा होता. तू उचलला नाहीस. मग दुपारी जरा शांत झालं, म्हटलं आता उरलेला शब्बाथ तरी पाळू, म्हणून बंद करून ठेवला."

"तू केलास?" आई म्हणाली. "तू स्वतः?"

"मग आणखी कोण करणार?"

आणि मग आई रडली. इतकी, की वहिनींचे यजमान पळत आले. फाटलेल्या गळ्यावर तिनं मूठ दाबून धरली होती, जणू तिकडून तो बघेल. तिच्या तोंडून तुटक तुटक बाहेर पडलं, की शब्बाथला तू करणार नाहीस म्हणून मला वाटलं दुसऱ्या कुणी केला. गळा फाडल्याचं ती बोलली नाही. मीही बोलले नाही. जिवंत मुलासाठी फाडलेला गळा ही गोष्ट आमच्या घरात अजून कुणी मोठ्यानं उच्चारलेली नाही.

 पलीकडून भाऊ म्हणाला, "आई, माझी चूक झाली. एवढं घाबरवलं तुला. मी पुन्हा नाही करणार शब्बाथला."

"कर रे," आई म्हणाली. "कर. मी उघडा ठेवीन फोन."

"नाही आई. शपथ घेतो. काहीही झालं तरी नाही करणार."

"अरे नको, शपथ नको घालून घेऊस—"

पण तो बोलून चुकला होता. मागून म्हाताऱ्यांची हाक आली आणि तो "शावुआ टोव, आई, ठेवतो" म्हणाला, तिकडची आठवड्याची शुभेच्छा. फोन कट झाला.

तेव्हापासून आमच्या घरी शनिवारी फोन चालू असतो. आईनंच तसं ठरवलं. ती शुक्रवारी दिवा लावायच्या आधी तो पूर्ण चार्ज करते, आवाज शेवटपर्यंत वाढवते आणि जेवायला बसतानाही समोर ठेवते. तिकडे काही झालं की वहिनी लगेच येऊन सांगतात, आता त्या दारात थांबत नाहीत. आई त्याला दर वेळी सांगते, शपथ मोड, मी सांगते म्हणून मोड. तो हसतो, विषय बदलतो. लहानपणापासून तो तसाच आहे. दिलेला शब्द त्यानं आजवर कधी मोडलेला नाही.